ओळ वळते की मोडते?

कोथरूडला मुलांसाठी चित्रकथेची कार्यशाळा घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. संगणकावर फुग्यात संवाद लिहिताना मजकूर कडेला टेकला की आपोआप खालच्या ओळीत उतरतो. त्या 'टेक्स्ट रॅप'साठी त्यांनी टिपणात 'मजकूर गुंडाळणे' लिहिलं, तर मुलं हसली. दुसरा शब्द कोणता?

ताई, मुलं हसली हे बरंच झालं. मराठीत गुंडाळला जातो तो गाशा, चौकशी, नाहीतर समोरचा भोळा माणूस. खरोखर गुंडाळलेला मजकूर बघायचा असेल तर आपल्याच गावात पेशवे दफ्तर आहे, मोडी कागदांचे कापडी रुमाल बांधून ठेवलेले.

त्यात घोळ असा की या एका इंग्रजी शब्दाखाली दोन कामं आहेत. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी करणाऱ्या कुणाला 'टेक्स्ट रॅप करा' म्हणालात, तर तो मध्ये चित्र ठेवून भोवतीनं मॅटर सोडेल. त्याला 'वळसा' हा नेमका शब्द आहे : मजकूर चित्राला वळसा घालून जातो. तुमचं काम उलटं, मजकूर आकाराच्या आत राहायला हवा. त्यासाठी मी 'ओळ वळणे' म्हणेन. लाडूही वळतात, बँकेत रक्कम वळती होते आणि अक्षरालाही वळण असतं, हे मान्य. पण शेताच्या टोकाला बैल वळतात तशी ओळ कडेला वळली, हे मुलांना न सांगता कळेल. मेनूसाठी 'ओळी आपोआप वळवा' पुरे.

'ओळ मोडणे' का नको, असं कुणीतरी म्हणेलच. मोडण्यात अशुभ काही नाही. आपण नव्या साडीची घडी मोडतो, शंभराची नोट मोडतो. (बांगडी मात्र 'वाढते'. ती सोय ओळीला लावली तर भलताच अर्थ व्हायचा.) मला तो शब्द दुसऱ्या कामासाठी राखून ठेवायचाय. यंत्र ओळ वळवतं, लिहिणारा ओळ मोडतो. व्याकरण हा भेद करत नाही, पण तुमच्या वर्गात तो करावा लागेल.

कारण बघा. फुग्यात 'मी तुला मारणार नाही' एवढंच वाक्य आहे. फुगा अरुंद असला की यंत्र पहिल्या ओळीत 'मी तुला मारणार' बसवतं आणि 'नाही' खाली टाकतं. वाचणारा क्षणभर दचकतो. विनोदी प्रसंग असेल तर हे सोनं. आजी नातवाला समजावत असेल तर घात. ओळीचा शेवट हा थांबा असतो, हे आपल्या कवितेला जुनं ठाऊक आहे. मंगलाष्टकं ज्या शार्दूलविक्रीडित वृत्तात म्हणतात त्यात चरणाची 19 अक्षरं, आणि 12व्या अक्षरावर यती, म्हणजे ठरलेला थांबा. थांबा शब्दाच्या पोटात आला की यतिभंग. हौशी मंगलाष्टकांत नवरीचं आडनाव नेमकं तिथेच दुभंगतं आणि गाणारी काकू तरीही श्वास घेते! फुग्यात ओळ भलत्या जागी वळली तर मी त्याला बेलाशक यतिभंग म्हणेन.

मराठीत हे जास्त होतं. हिंदीत 'स्वारगेट से भी' हे तीन शब्द, यंत्राला वळायला दोन जागा. आपलं 'स्वारगेटपासूनसुद्धा' सलग नऊ अक्षरांचं. देवनागरीत यंत्र साधारणपणे रिकामी जागा बघूनच वळतं, म्हणून हा अख्खा शब्द खाली उडी मारतो आणि वरची ओळ बोडकी राहते. शाळेत शिकवतात तसं ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह देऊन शब्द तोडता येतो. पण फुग्यात त्या छोट्या रेघेनं पात्र तोतरं बोलल्यासारखं वाटतं. मी ते टाळतो आणि वाक्यच बदलतो : 'अगदी स्वारगेटहूनही'.

शिवाय फुगा गोल आणि मजकुराची चौकट बहुधा चौकोनी. चौकट फुग्याच्या आत बसवली तर कडेची जागा वाया जाते, मोठी केली तर कोपऱ्यातली अक्षरं रेघेवर चढतात. वरची-खालची ओळ आखूड नि मधली लांब असेल तरच फुगा भरलेला दिसतो. चित्रासाठी वापरतात त्या एसव्हीजी 1.1 या 2003च्या प्रमाणकात तर मजकूर आपोआप वळायची सोयच नव्हती. आकाराच्या आत ओळी वळवणं एसव्हीजी 2मध्ये आलं. ते आलं तरी 'मारणार' आणि 'नाही' यांची ताटातूट करू नये, हे त्याला कोण सांगणार? तिथे एन्टर मुलांनीच दाबायचा. आधी संवाद मोठ्यानं म्हणायला लावा आणि श्वास अडेल तिथे ओळ मोडू द्या.