वर्गाच्या फोटोच्या दिवशी पोट दुखते

पत्र:

माझा मुलगा आता ११ वर्षांचा आहे. तो दीड वर्षाचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग, असल्याचे निदान झाले आणि तो डोळा काढावा लागला. पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत त्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसत होती, पण आम्ही तो फ्लॅशचा दोष समजलो. दुसऱ्या आईबापांचे असे होऊ नये म्हणून गेली सहा वर्षे मी शाळा, महिला मंडळे, रोटरी क्लब अशा ठिकाणी व्याख्याने देते. तो वाढदिवसाचा फोटो आणि त्याचा मोठेपणीचा फोटो पडद्यावर दाखवते. हा आजार आनुवंशिकही असू शकतो हे लोकांना कळावे म्हणून त्याच्या जनुक तपासणीच्या अहवालात काय आले तेही सांगते. नव्याने निदान झालेल्या मुलांच्या आयांचे फोन येतात, त्यांच्याशी रात्री-अपरात्री बोलते. घरात मात्र या कामाची कोणालाच किंमत नाही. यजमान एकाही कार्यक्रमाला येत नाहीत. दिवाळीत जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "पोराच्या आजाराचे किती दिवस भांडवल करणार?" मुलगा पूर्वी हौसेने स्टेजवर यायचा, हल्ली अभ्यासामुळे येत नाही. वर्गाच्या फोटोच्या दिवशी गेल्या वर्षीसारखा यंदाही पोट दुखते म्हणून घरी राहिला, पण या वयात हे चालायचेच. जूनमध्ये त्याच्याच शाळेत मोठा कार्यक्रम ठरला आहे. घरच्यांना या कामाचे महत्त्व कसे पटवून द्यावे?

— एक आई, सांगली

उत्तर:

तुमच्या मूळ पत्राची सव्वा दोन पाने जाऊबाईंनी आणि त्यांच्या दिवाळीतल्या वाक्याने व्यापली आहेत. ती इथे छापलेली नाहीत, कारण त्यांच्याबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. मी अडून राहिले ते एका ओळीवर, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि "या वयात हे चालायचेच" असे म्हणून लगेच मिटवूनही टाकलीत. लागोपाठ दोन वर्षे नेमके वर्गाच्या फोटोच्या दिवशी ज्या मुलाचे पोट दुखते, त्याला पोटाचा कोणताही विकार नसतो. लहान मुलांचे फोटो डोळ्यांत तेल घालून पाहा, असे तुम्ही सहा वर्षे गावोगाव सांगत आहात आणि तुमच्या घरातला मुलगा फोटोंमधून हळूहळू नाहीसा होत चालला आहे, हे तुमच्या लक्षात आलेले नाही. पडद्यावर दाखवता तो त्याचा "मोठेपणीचा" फोटो कधीचा आहे, ते एकदा पाहा. तो दुसरी-तिसरीतला असेल, अशी माझी खात्री आहे, कारण त्यानंतर त्याने कॅमेऱ्यासमोर चेहरा सरळ धरलेला नसेल.

या आजारात फोटोला एवढे महत्त्व का, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी सांगते. निरोगी डोळ्यावर फ्लॅशचा प्रकाश पडला की मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांमुळे बाहुली लालसर दिसते. तिथे गाठ असेल तर तोच प्रकाश पांढरा होऊन परततो. पुष्कळदा घरातल्यांना पहिली शंका एखाद्या फोटोमुळेच येते, किंवा संध्याकाळच्या अंधुक उजेडात बाळाचा डोळा मांजरासारखा चमकताना दिसतो आणि कोणीतरी "डोळ्यात फूल पडले असेल" म्हणून विषय संपवते. हा आजार साधारण १५,००० ते २०,००० जन्मांमागे एका बाळाला होतो आणि भारतात दरवर्षी सुमारे १,५०० मुलांना तो होत असल्याचा अंदाज आहे. वेळेत सापडला तर जीव बहुतेक वेळा वाचतो, अनेकदा डोळाही वाचवता येतो. उशीर झाला तर गाठ डोळ्याबाहेर पसरते. तेव्हा पांढरी बाहुली कशी दिसते हे लोकांना दाखवलेच पाहिजे, याबद्दल आपले दुमत नाही. मात्र ती बाहुली कोणाची आहे, हे पाहणाऱ्याला कळण्याची काडीमात्र आवश्यकता नाही. एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी असे साधे रंगवलेले चित्र तेच काम करते. तुमचा फोटो त्याहून जास्त एक गोष्ट करतो, ती म्हणजे सभागृहाला रडवतो, आणि रडलेले सभागृह हे तुम्ही कामाचे यश मानू लागला आहात.

आता हा सगळा प्रकार त्याच्या बाजूने पाहा. डोळा काढल्यानंतर खोबण भरून आली की मुलाच्या मापाचा कृत्रिम डोळा तयार करतात, तो तुम्ही जवळून पाहिला आहे. तो बनवणारा कारागीर मुलाला समोर बसवून दुसऱ्या डोळ्याचा रंग निरखतो, बारीक कुंचल्याने तसाच रंग भरतो आणि पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे तंतू बसवून शिरा उठवतो. मूल वाढते तसा हा डोळा पुन्हा पुन्हा नव्या मापाचा करावा लागतो आणि मधल्या काळात पॉलिशही करून घ्यावा लागतो. ही सारी खटपट कशासाठी असते? वर्गात बसलेल्या मुलाच्या डोळ्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, त्याला कोणी काही विचारू नये, एवढ्यासाठीच ना? तुम्ही मात्र त्याच डोळ्याचा फोटो भिंतभर मोठा करून, ज्यांची मुले त्याच्याबरोबर क्रिकेट खेळतात त्या बायकांपुढे, महिला मंडळात लावता. त्या घरी जाऊन हळहळतात, मुले ते ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर त्याच्या डाव्या बाजूला उभे राहून "किती बोटे?" असे विचारतात. हे तुम्ही लिहिलेले नाही, मी अंदाजाने लिहीत आहे. पण अंदाज चुकला असेल तर मला फार आश्चर्य वाटेल. आता जूनमध्ये हीच गोष्ट तुम्ही त्याच्याच शाळेच्या सभागृहात, त्याच्याच वर्गाला रांगेने बसवून करणार आहात.

जनुकीय अहवालाबद्दल तर मला राग आला आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही. एकाच डोळ्यात गाठ असलेल्या मुलांपैकी साधारण १५ टक्के मुलांमध्ये आरबी-वन या जनुकातला दोष शरीराच्या सर्व पेशींत असतो. ज्यांच्यात तो असतो, त्यांच्या प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि अशा व्यक्तींना पुढच्या आयुष्यात इतर कर्करोगांचा धोकाही जास्त असतो. तुमच्या मुलाच्या अहवालात यांपैकी काय आले आहे, ते मी विचारणार नाही. सांगलीतल्या चार सभागृहांना ते माहीत आहे आणि त्याला स्वतःला त्याचा पूर्ण अर्थ अजून कळलेला नाही, ही गोष्ट पुरेशी लाजिरवाणी आहे. ही माहिती पंचविसाव्या वर्षी कोणाला सांगायची, केव्हा सांगायची, लग्न ठरताना कोणत्या शब्दांत सांगायची, हे ठरवण्याचा हक्क एकट्या त्याचा होता. स्थळ पाहताना आपल्याकडे चष्म्याचा नंबरसुद्धा विचारतात, हे तुम्हाला ठाऊक नाही असे थोडेच आहे? आनुवंशिकता समजावून सांगायला कोणाचा अहवाल लागत नाही, वरची दोन वाक्ये पुरतात.

आणखी एक धोका असा, की कृत्रिम डोळा नीट ठेवण्यासाठी आणि उरलेला एकुलता डोळा जपण्यासाठी या मुलाला जन्मभर तपासणीला जावे लागणार आहे. अठराव्या वर्षापर्यंत तुम्ही त्याला धरून न्याल. त्यानंतर त्याला आपल्या पायांनी जायचे आहे. रेटिनोब्लास्टोमा म्हणजे आईची व्याख्याने, शाल-श्रीफळ आणि वर्गातली कुजबुज, अशी गाठ त्याच्या मनात पक्की बसली, तर तो मोठा झाल्यावर पहिली गोष्ट कोणती करेल? दवाखान्याकडे पाठ फिरवेल. आज फोटोच्या दिवशी पोट दुखते, उद्या तपासणीच्या तारखेला दुखेल.

तेव्हा एकच काम करा आणि ते या आठवड्यात करा. त्याचे दोन्ही फोटो, त्याचे नाव आणि त्याचा अहवाल तुमच्या व्याख्यानातून, फ्लेक्सवरून, पत्रकांतून आणि तुमच्या फोनच्या स्टेटसवरून कायमचे काढून टाका. शाळेतला कार्यक्रम रद्द करा. "पुढे ढकलला" असेही सांगू नका. आणि कृपा करून हे करण्याआधी त्याची परवानगी मागायला जाऊ नका. "तुझा फोटो दाखवलेला चालेल ना?" असे तुम्ही विचारले तर तो "हो" म्हणेल, कारण तुमचे सहा वर्षांचे काम त्या फोटोवर उभे आहे हे तो जाणतो, आणि आईचे मन मोडण्यापेक्षा पोट दुखवून घेणे त्याला सोपे वाटते हे त्याने दोनदा दाखवले आहे. त्याला एवढेच सांगा, की यापुढे तुझा फोटो कुठेही दिसणार नाही, शाळेतला कार्यक्रमही होणार नाही आणि हे मी आधीच करायला हवे होते. त्यापुढे डोळे पुसत बसू नका, स्पष्टीकरण देऊ नका, "तुला राग आला होता का रे?" असेही विचारू नका. नाहीतर तुमचे समाधान करण्याचे काम पुन्हा त्याच्याच अंगावर पडेल. तो वीस वर्षांचा झाल्यावर स्वतःहून या कामात आला, तर ती त्याची मर्जी.

फोटो गेला म्हणजे काम गेले, अशी भीती तुम्हाला वाटेल. मला उलटेच वाटते. हा आजार बहुतेक करून पाच वर्षांच्या आत होतो, आणि तुम्ही बोलता ते माध्यमिक शाळांपुढे आणि रोटरीच्या सभासदांपुढे. (तिथले आजोबा नातवंडे सांभाळत असतील तर गोष्ट वेगळी, पण ते तुम्हाला विचारून आलेले नसतात.) तुमचे खरे श्रोते आहेत अंगणवाडी सेविका, आशा ताई, परिचारिका आणि लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावर बाळ घेऊन बसलेल्या आया. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, नऊ महिन्यांना आणि दीड वर्षाच्या सुमारास प्रत्येक बाळ त्या ओट्यावर येते, आणि नेमके हेच वय तुम्हाला हवे आहे. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांमध्ये मुलांची तपासणी करतात. त्या पथकातल्या डॉक्टरांना जाऊन भेटा. तिथे शाल मिळणार नाही आणि माइकही नसेल. सांगायचे थोडकेच आहे: बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा डोळा नव्याने तिरळा होऊ लागला, तर "मोठेपणी जाईल" म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा तपासून घ्या. मोतीबिंदूमुळेही अशी चमक दिसते आणि कधीकधी नुसत्या फोटोच्या कोनामुळेही, त्यामुळे कोणाला घाबरवून सोडू नका.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला मनापासून आवडली आणि तिच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे. उद्या सकाळी ज्या बाळाचा डोळा काढायचा आहे त्याची आई रात्री अकरा वाजता परळच्या एखाद्या धर्मशाळेतून फोन करते, तेव्हा पट्टी सुटल्यावर आत काय दिसेल, मूल किती दिवसांत पुन्हा खेळू लागेल, डोळा पहिल्यांदा काढून धुताना आपलाच हात कसा कापतो आणि आठवड्याभरात कसा सरावतो, हे तिला तुमच्याइतके कोणीही सांगू शकणार नाही, डॉक्टरही नाही. हे काम सोडू नका. त्याला प्रेक्षक नसतात आणि त्यात तुमच्या मुलाचे काही खर्चही होत नाही.

घरच्यांना महत्त्व कसे पटवावे, हा तुमचा प्रश्न होता. पटवू नका. यजमान एकाही कार्यक्रमाला येत नाहीत, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे. त्या संध्याकाळी मुलाजवळ घरी कोण असते, हे लिहायचे राहून गेले आहे. फोटो काढून टाकताना संगणकापाशी त्यांना शेजारी बसवा, कोणकोणत्या पत्रकांवर तो छापला गेला आहे हे तुमच्यापेक्षा त्यांना अधिक पाठ असेल. आणि मुख्याध्यापकांना फोन उद्याच करा. एकदा का निमंत्रणपत्रिका छापून झाल्या, की तुम्हीच म्हणाल, एवढा एक कार्यक्रम होऊन जाऊ दे.