अमेरिकेत वेक सर्फिंग करताना बोट काठापासून किती दूर ठेवावी लागते?

तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात अमेरिकेत भावाकडे आल्यावर वेक बोट, म्हणजे मागे मुद्दाम मोठी लाट उठवणारी आणि त्या लाटेवर फळीवर उभं राहून घसरता येईल (वेक सर्फिंग) अशी बोट, भाड्याने घ्यायची आहे, पण काठापासूनच्या अंतराचा आकडा जो तो वेगळा सांगतोय, त्यातला खरा कुठला?

सगळेच खरे. अख्ख्या देशाला लागू असं एकच अंतर नाही, ज्या राज्याच्या पाण्यात बोट असेल त्या राज्याचा नियम चालतो. जॉर्जिया आणि टेनेसीत 200 फूट. मेनमध्ये 2024 पासून 300 फूट, शिवाय पाणी किमान 15 फूट खोल हवं. व्हरमाँटने त्याच वर्षी सगळ्यात कडक नियम आणला: अंतर 500 फूट, खोली 20 फूट आणि सलग 50 एकर मोकळं पाणी. यात बसणारी तळी तिथे जेमतेम तीसेक आहेत, बाकीच्या तळ्यांवर वेक सर्फिंग बंद. मी मिनेसोटात राहतो, इथे हे लिहीपर्यंत तरी राज्यभरासाठी अंतर ठरलेलं नाही. एखाद्या तळ्याचा स्वतःचा नियम मात्र असू शकतो.

साधी स्पीडबोट वेग घेतला की पाण्यावर उचलली जाते, त्यामुळे तिची लाट लहान राहते. वेक बोटीत टाक्यांमध्ये हजारो पौंड पाणी भरतात, मागची बाजू मुद्दाम खोल बसवतात आणि ताशी जेमतेम 10-12 मैलांनी चालवतात. मागे इतकी मोठी लाट उठते की दोरी सोडली तरी माणूस तिच्यावर पुढे सरकत राहतो. ती लाट तिथेच विरत नाही. बोट केव्हाच पुढे गेलेली असते आणि इकडे धक्क्याला बांधलेल्या बोटी अचानक दोर ताणून आपटायला लागतात, काठचं पाणी गढूळ होतं. लून या पाणपक्ष्याचं घरटं अगदी पाण्याला लागून असतं, त्यात लाट शिरली की अंडी गेलीच.

मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये लाटांची मोजमापं प्रसिद्ध केली. साध्या बोटीची लाट 200 फुटांवर जेवढी उरते, तेवढी खाली यायला वेक सर्फिंगच्या लाटेला 500 फुटांपेक्षा जास्त अंतर लागतं. 200 हा आकडा या बोटींच्या उद्योगाची संघटना सुचवत आली आहे. कायद्याने तो चालत असेलही, पण माझ्या मते तो अपुरा आहे. राज्य कुठलंही असो, 500 फूट आणि 20 फूट खोली हेच धरून चाला. खोलीची अट सोडू नका. मागची बाजू दबलेली असल्याने बोट ढकलणाऱ्या पंख्याचा झोत तिरका खाली जातो, उथळ पाण्यात तळाचा गाळ उसळतो आणि गाळातलं फॉस्फरस वर येऊन शेवाळाला खत मिळतं.

दुसरी काळजी टाक्यांची. पंपाने रिकाम्या केल्या तरी तळाशी थोडं पाणी उरतंच, आणि झेब्रा शिंपल्याची (एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारा उपद्रवी शिंपला) पिल्लं इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून व्हरमाँटमध्ये वेक बोटीला वर्षासाठी एकच तळं ठरवून द्यावं लागतं, दुसऱ्या तळ्यात उतरवायची तर आधी मान्यताप्राप्त ठिकाणी निर्जंतुक करून घ्यावी लागते. मिनेसोटात बोट रस्त्याने नेताना ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी बाहेर सोडायचं बूच) काढलेला असणं सक्तीचं आहे.

बोट ताब्यात घेताना भाड्याने देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: टाक्या शेवटच्या कुठल्या तळ्यात भरल्या होत्या, त्यानंतर गरम पाण्याने धुतल्या का, आणि या तळ्याचा खोलीचा नकाशा आहे का. नकाशा नसेल तर बोटीवरचं खोली दाखवणारं यंत्र चालू आहे ना, हे धक्का सोडण्याआधीच बघून घ्या.