ओमाचं नाव आणि बाळाची हाक

ताई,
मी मूळची साताऱ्याची. लग्न झाल्यापासून, म्हणजे सात वर्षं, स्टुटगार्टजवळ राहते. नवरा जर्मन. मला आठवा महिना लागलाय, मुलगी आहे (इथे डॉक्टर सांगतात). नवऱ्याची आजी, आमची ओमा, मागच्या हिवाळ्यात गेली. तिचं नाव हिल्डेगार्ड. बाळाचं नाव तेच ठेवायचं, असं नवऱ्यानं आणि सासूबाईंनी ठरवून टाकलंय. ओमा मलाही जवळची होती. मला जर्मन येत नव्हतं तेव्हा तिनं शेजारी उभं करून मला श्पेट्झले, म्हणजे इकडच्या उकडलेल्या जाड शेवया, शिकवले. पण हे नाव ऐकलं की डोळ्यांसमोर बाळ येतच नाही, काठी टेकत चालणारी बाई येते. आई फोनवर म्हणते, 'त्यापेक्षा हिडिंबा ठेव की.' बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. ते म्हणतात, 'गार्ड झाला, आता ड्रायव्हर कधी?' मी हसते आणि फोन ठेवल्यावर रडते. नाही म्हटलं तर ओमाचा अपमान, हो म्हटलं तर माझ्या माहेरचं काहीच उरत नाही. काय करू?
(कृपया नाव छापू नका.)

अगं,
हिडिंबा वाचून मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण आईबाबांना हे विनोद आजच बंद करायला सांग. उद्या तेच नाव ठेवलं गेलं, तर पोरगी सुट्टीत साताऱ्याला येईल तेव्हा आजोळी तिचीच टर उडेल. बाबांना हेही सांग की त्या 'गार्ड'चा रेल्वेशी काही संबंध नाही. शिवाय जर्मन माणूस शेवटी ड म्हणतच नाही. तो म्हणतो, हिल्डेगार्ट.

जुनी जर्मन नावं बहुतेक दोन तुकडे जोडून केलेली असतात. हिल्ड म्हणजे लढाई, गार्ड म्हणजे कुंपण, आसरा. माटिल्डेमध्ये बळ आणि लढाई, गेरट्रूडमध्ये भाला, फ्रीडेरिकेमध्ये शांतता आणि राज्य. दोन तुकड्यांचा मिळून सरळ अर्थ लागायलाच हवा असंही नाही. आपल्याकडे लढाई मुलग्यांच्या नावात, रणजित वगैरे, आणि मुलींच्या वाट्याला फुलं आणि नद्या. तिकडे बायकांच्या हातात भाले दिलेत, हे मला तरी आवडतं. आणि हिल्डेगार्ड म्हटलं की सगळ्यांना आठवते ती बाराव्या शतकातली ऱ्हाइनकाठची जोगीण, बिंगेनची हिल्डेगार्ड. तिनं संगीत रचलं, औषधी वनस्पतींवर लिहिलं, आणि २०१२ साली पोपनं तिला चर्चच्या आचार्यांमध्ये बसवलं. डिंकेल गव्हाचं तिला भारी कौतुक. डिंकेल म्हणजे आपल्या खपलीच्या नात्यातला गहू. तुझ्या ओमाच्या श्पेट्झलेत तेच पीठ असलं, तर आईला सांग, गहू तरी ओळखीचा निघाला.

आता तुझी अडचण. तुला वाटतंय की ती जर्मन नावाची आहे. मला नाही तसं वाटत. पत्रभर ओमाचं नाव आहे, पण तुझ्या स्वतःच्या आजीचं नाव कुठेच नाही. त्या पिढीतली, साताऱ्याकडची, म्हणजे द्वारका, अनसूया, कोंडाबाई असं काहीतरी असणार. ते ठेवशील? ते ऐकून तरी बाळ दिसतं का डोळ्यांसमोर? तुला खुपतंय ते म्हातारं नाव. यात अपमान कुणाचाच होत नाही. तिकडच्या आयाही हेच करतात. आज्यांच्या पेटीतून एमा, इडा, फ्रीडा, माटिल्डा ही नावं बाहेर आली आणि बालवाड्यांमधून फिरायला लागली. हिल्डेगार्ड, गेरट्रूड, वाल्ट्राऊड अजून पेटीतच आहेत.

माझंच सांगते. माझं कागदावरचं नाव गोदावरी. मी जन्मले त्याच्या आदल्या वर्षी आजी गेली, म्हणून वडिलांनी तिचं नाव ठेवलं. पण आईची पंचाईत झाली. सासूचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? आणि घेतलं तरी 'गोदे, नाक पूस आधी' असं सासूच्या नावानं कोण ओरडणार? मग मी छबू झाले, ती आजतागायत. बँकेत काउंटरवरची मुलगी 'गोदावरी' म्हणून पुकारते तेव्हा मी शांतपणे बसून राहते आणि शेजारची बाई मला कोपरानं ढोसते.

जुन्या घरांना हे नीट कळत होतं: मान द्यायला एक नाव, हाक मारायला दुसरं. जर्मनांकडेही हे आहेच. कागदावर दोन-तीन नावं असली तरी हाक मारायचं एकच, त्याला ते रूफनामं म्हणतात. म्हणून तू आधी एक कर. सासूबाईंबरोबर कॉफी पी आणि विचार, ओमाला घरात काय म्हणायचे? तिची आई, तिच्या बहिणी, तिचा नवरा? जुन्या फोटोंच्या मागे काय लिहिलंय? हिल्डे? हिल्ला? की तुमच्या श्वाबेन भागाच्या पद्धतीनं मागे 'ले' लावून काही? तिला पूर्ण 'हिल्डेगार्ड' अशी हाक कुणी मारली असेल, तर ती शाळेतल्या मास्तरणीनं. तुला पाटावरून पिठाचे बारीक काप सुरीनं उकळत्या पाण्यात खरवडायला शिकवलं, त्या बाईचं खरं नाव कदाचित अजून तुझ्या कानावरच आलेलं नाही.

ते सापडलं की दोन्हीकडच्या तोंडांत घोळवून बघ. इथे जरा जपून हं. उर्सुलाची लाडानं उशी होते, आणि तुझी मावशी लगेच विचारेल, अभ्रा कुठाय? हेलेनेची लेनी होते, इकडे तिची लेणी होणार, अजिंठ्याची. इडा फार गोड नाव, पण आईच्या तोंडी पुढचा शब्द पिडा यायचाच. (तशी इडा आपल्याकडे वेदांतही आहे, तेव्हा आवडलं तर माघार घेऊ नकोस.) विल्हेल्मिनेची मीना होते, तिला तर साताऱ्यात कुणी पासपोर्टही विचारणार नाही. आणि जे नाव आवडेल ते घेऊन स्वयंपाकघरात उभी राहा आणि मोठ्यानं रागावून बघ. ज्या नावानं पोरीवर ओरडता येत नाही, ते रोजच्या हाकेचं करू नकोस.

पूर्ण हिल्डेगार्ड दुसरं नाव म्हणून जाऊ दे. तिथे ते शोभेल. फक्त मध्ये जोडरेघ देऊ नका. रेघ दिली की दोन्ही मिळून एकच नाव होतं आणि जन्मभर प्रत्येक फॉर्मवर अख्खं लिहावं लागतं. रेघ नसली तर नावांचा क्रम पुढे बदलून घेता येतो, २०१८ पासून तशी सोय आहे. पोरीला मोठेपणी ओमाच पुढे हवी असली तर ती बघेल.

पहिलं नाव मराठी ठेवायचं झालं तर 'इथलं ऑफिस घेणार नाही' असं कुणी म्हणू नये. किरण नावाची गोष्ट सासरी सांग. भारतीय मुळांच्या एका कुटुंबानं मुलीचं नाव किरण ठेवलं. ऑफिस म्हणालं, यावरून मुलगा की मुलगी कळत नाही, जोडीला दुसरं नाव द्या. प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं, आणि डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयानं सांगितलं, नावावरून ते कळलंच पाहिजे असा कायदाच नाही.

राहिलं ते 'ठरवून टाकलंय'. रडू येतंय ते मला वाटतं यामुळे, हिल्डेगार्डमुळे कमी. नवऱ्याला एकट्याला गाठ, सासूबाई नकोत, आणि सांग की नाव आईबाप दोघांनी मिळून ठेवायचं असतं. तिथला कायदाही तेच म्हणतो. तो दुष्ट नाही. त्याची आजी गेलीय आणि त्याला ती कुठेतरी ठेवायचीय. तुझ्या आजीचं नाव त्याला माहीत आहे का, तेही विचार. माहीत नसलं तर त्याच दिवशी सांग, एखादी गोष्टही सांग तिची.

घाई करू नका. जन्माची नोंद आठवड्यात करावी लागते, पण नाव महिन्याच्या आत कळवलं तरी श्टांडेसआम्टला, म्हणजे त्या नोंदणीच्या ऑफिसला, चालतं. म्हणजे बाराव्या दिवशी बारसं करून मग नाव कळवता येईल. नणंद असली तर आत्या म्हणून कानात कुर्र करायला तिला उभी कर. आणि गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणताना पाळण्याच्या पलीकडे सासूबाईंना उभं कर. बाळ इकडून तिकडे द्यायला समोर कुणीतरी लागतंच.