रंगखात्याच्या पाण्यातून हवेत किती वायू जातो?

प्रश्न: आमच्या टॉवेल डाइंगचे रोज १ लाख लिटर पाणी ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) येते. ॲसिड टाकताना कुजक्या अंड्याचा वास सुटतो. हवेत किती विषारी वायू जातो, हे कसे काढावे? छापील एमिशन फॅक्टर (इतक्या पाण्यामागे इतका वायू, असा तयार आकडा) चालेल का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर: फॅक्टर नको. ते बहुतेक शहरी मैलापाण्यावरून काढलेले असतात. तुमच्याकडे सल्फर रंगांसोबत सोडियम सल्फाइड येते. वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे.

आधी कमाल आकडा बांधा. पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम सल्फाइड निघाले, तर दिवसाला ५०० ग्रॅम झाले. नमुना इक्वलायझेशन टाकीतून (जिथे सगळे पाणी साठवून एकसारखे करतात) पाणी बाहेर पडल्यावर घ्या, कारण पाणी तुंबले की तिथेच सल्फेटपासून नवे सल्फाइड बनते, उन्हाळ्यात जास्तच. बाटलीत आधी झिंक ॲसिटेट घाला, काठोकाठ भरा, मग कॉस्टिकचे थेंब. बुडबुडा राहिला की आकडा कमी येतो.

आता पीएच. ८ ला सल्फाइडचा दहावा हिस्सा वायूरूपात सुटू शकतो, ७ ला निम्मा, ६ ला नव्वद टक्के. म्हणून खरी गळती न्यूट्रलायझेशन टाकीत, म्हणजे जिथे ॲसिड टाकून पीएच उतरवतात तिथे. बादलीने ॲसिड ओतले तर टाकीचा पीएच ७.५ दिसला तरी ओतल्या जागी तो पार खाली गेलेला असतो.

मोजायला तरंगती फ्लक्स चेंबर (पाण्यावर पालथी ठेवून सुटणारा वायू पकडणारी घुमटी) वापरा: झाकलेले क्षेत्र ०.१३ चौरस मीटर, आत मिनिटाला ५ लिटर शुद्ध हवा. अर्धा तास थांबून मगच नमुना घ्या. ५ पीपीएम, म्हणजे घनमीटरला ७ मिलिग्रॅम आले, तर चौरस मीटरमागे मिनिटाला ०.२७ मिलिग्रॅम. टाकी ५० चौरस मीटरची असेल तर मिनिटाला साडेतेरा. ॲसिडचे डोसिंग ६ तासच चालते ना? मग ३६० मिनिटांनी गुणा, सुमारे ५ ग्रॅम. सरसकट २४ तास धरून १९ ग्रॅम लिहिलेले अहवाल नेहमी दिसतात. उरलेल्या वेळेचे मोजमाप वेगळे.

एरेशन टाकीत (जिथे पाण्यात हवा सोडतात) तळाच्या डिफ्यूझरमधून चेंबरखाली येणारी हवा त्या ५ लिटरमध्ये मिळवावी लागते. विसरलात तर उत्तर कित्येक पटींनी कमी येईल. पाणी जिथे धबाधबा पडते तिथे चेंबर टिकत नाही, तिथे पडण्याआधीचे आणि नंतरचे सल्फाइड मोजून फरक घ्या.

आणि वास थांबला म्हणून टाकीवर वाकू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होते. गॅस मीटर गळ्याशी लावूनच नमुना घ्या.