फुलं, टाके आणि निर्माल्य

प्रश्न : ताई, एका फोटोत गुलाबाच्या पाकळ्या शिवून केलेली भलीमोठी चादर बघितली, जमिनीवर चुण्या पडून पसरलेली. कोलंबियातल्या कुणी केलीय म्हणे. पण ती कुजत कशी नाही? मी वहीत ठेवलेल्या जास्वंदीचा तर हात लावला की चुरा होतो. आणि फुलं टिकवून नक्की सांगायचं काय असतं, की नुसतं भारी दिसतं म्हणून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ते डोरिस साल्सेदोचं काम, नाव 'आ फ्लोर दे पिएल', म्हणजे स्पॅनिशमध्ये साधारण 'कातडीच्या वरवर'. बोगोटाची शिल्पकार आहे ती, जन्म १९५८ चा. तुझी जास्वंद आधी घेऊ, वहीत दाबलं की पाकळीतलं पाणी उडून जातं आणि मागे राहतो तो नुसता सांगाडा, म्हणून चुरा. ग्लिसरीन मुरवलं की ते पाण्याची जागा घेतं आणि पाण्यासारखं उडून जात नाही, म्हणून पाकळी मऊ राहते, दुमडता येते. साल्सेदोच्या पाकळ्यांवर अशीच प्रक्रिया केलेली आहे आणि मग हजारो पाकळ्या हाताने एकमेकींना शिवल्यात. रंग मात्र ताज्या गुलाबाचा नाही, वाळलेल्या रक्ताकडे झुकणारा, आणि जवळून बघितलं तर पाकळीच्या शिरासुद्धा दिसतात, अगदी कातडीसारख्या.

आता अर्थाचं. कोलंबियात एका नर्सला छळ करून मारलं, तिचा देह मिळाला नाही, अंत्यसंस्कारही झाले नाहीत, आणि ही चादर म्हणजे तिला वाहिलेली फुलं, तिचं कफन. पाकळ्या शिवण्यातला अर्थ मराठीत पटकन कळतो बघ, कारण आपल्याकडे टाके कपड्यालाही घालतात आणि जखमेलाही! पण एका बाबतीत हे आपल्या सवयीच्या बरोब्बर उलटं आहे. आपण वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य म्हणून काढून टाकतो, विसर्जन करतो, विषय संपतो. इथे विसर्जन व्हायला देहच नाही, मग फूल तरी कसं काढून टाकणार? म्हणून ते टिकवायचं. नुसतं सुंदर दिसावं म्हणून टिकवलेली फुलं मला स्वतःला हॉटेलच्या लॉबीतल्या शोपीससारखीच वाटतात, पण हे तसलं नाही.

घरी करून बघायचं असेल तर जास्वंद नको, फार नाजूक आहे. जाड पानांपासून सुरुवात कर, एक भाग ग्लिसरीन दोन भाग कोमट पाणी, देठ ठेचून त्यात उभे ठेव, दोनतीन आठवडे लागतील, आणि पानं तपकिरी झाली तर घाबरू नकोस, ती होतातच.