गोव्यातल्या घरासाठी ४५ हजारांत संगणक जोडून घ्यायचा आहे. कोणते भाग निवडावेत?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती मला जवळची वाटली, म्हणून सविस्तर लिहितो. फोंडा तालुक्यातले जुने चिऱ्यांचे घर, यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेली मुलगी, घरच्या काजूच्या धंद्याचे हिशेब, मॉनिटर आणि कीबोर्ड जुनेच चालणार, आणि खर्चाची मर्यादा ४५ हजार. दुकानदाराचे कोटेशनही तुम्ही दिले आहे : आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटी ७१० हे २ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, २५६ जीबीचा एसएसडी (माहिती साठवणारी चिपची डिस्क) आणि एसएमपीएससकट (भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी बदलून देणारा डबा) येणारा काचेचा कॅबिनेट. ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी डिचोलीत राहतो आणि गेली बारा-तेरा वर्षे नातेवाइकांना व शेजाऱ्यांना संगणक जोडून देत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, हे कोटेशन परत करा. त्यातला प्रोसेसर चांगला आहे, पण त्याच्यापायी बाकी सगळ्यात काटछाट झालेली आहे. आणि आपल्या हवेत, आपल्या विजेवर, बिघडते ते नेमके हे बाकीचेच. म्हणून मी भागांची यादी नेहमी भिंतीवरच्या प्लगपासून करायला घेतो आणि प्रोसेसरपर्यंत शेवटी पोहोचतो.

सर्वांत आधी एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते, पण बाजूच्या लेबलावरचा +१२ व्होल्टचा रकाना वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना वीज मिळते ती याच वाटेने. तिथे १६ अँपिअर लिहिले असेल तर १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट, एवढीच त्याची खरी ताकद. प्रामाणिक ४५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ३५-३६ अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो, आणि तो हातात घेतल्यावर वजनातही फरक कळतो. २०१९ च्या जूनमध्ये साखळीला माझ्या मामेभावाकडे दहा मिनिटांत तीनदा वीज गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा संगणकातून फट् असा आवाज होऊन जळका वास सुटला. मी कॅबिनेट उघडला तेव्हा एसएमपीएसमधला कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा छोटा भाग) फुगून वर फाटलेला होता आणि सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डवर जिथे २४ पिनांचा जाड प्लग बसतो तिथे तपकिरी डाग पडला होता. बोर्ड गेला, हार्ड डिस्क गेली, आणि तिच्याबरोबर त्यांच्या मुलाच्या बारशापासूनची सगळी छायाचित्रे गेली. कॅबिनेटमध्ये वाचवलेले हजार-दीड हजार रुपये त्या घराला फार महाग पडले. तेव्हापासून मी एसएमपीएस वेगळाच विकत घेतो : नावाजलेल्या कंपनीचा, ४५० ते ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याच्या) प्रमाणपत्राचा आणि निदान तीन वर्षांच्या वॉरंटीचा.

त्यानंतर अर्थिंग. याला संगणकाचा भाग म्हणत नाहीत, पण तुमच्या घरात तो सर्वांत महत्त्वाचा ठरू शकतो. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण त्याच्या वरच्या भोकाला मागे तारच जोडलेली नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे. अशा ठिकाणी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळून जमिनीकडे सोडणारे छोटे कपॅसिटर असतात. जमिनीकडे वाटच नसली की त्यांच्यामुळे पत्र्यावर साधारण ११५ व्होल्टचा, म्हणजे निम्मा दाब येऊन थांबतो. करंट अगदी थोडा असल्याने माणसाला एरवी इजा होत नाही, पण चालू संगणकाला पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटर जोडताना तोच करंट यूएसबीच्या वाटेने जातो. वायरमनला बोलावून मीटरने तपासून घ्या : फेज आणि अर्थ यांच्यात सुमारे २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसू नयेत. आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मे महिन्यांत कोरडीठाक पडते आणि अर्थिंग कमकुवत होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात त्या दिवसांत अधूनमधून पाणी ओतण्याची जुनी पद्धत मोडू नका.

यूपीएससाठी वेगळे पैसे काढून ठेवा. ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसच्या क्षमतेचे माप) साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, आणि मी पुढे सांगतो तो संगणक पूर्ण भारावरही मॉनिटर धरून दीडशे वॅटच्या आतबाहेर राहतो, तेव्हा तेवढा पुरे. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचे बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना, ते पाहा. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमधला इन्व्हर्टर साधारण १० मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, साध्या मोडमध्ये मात्र त्याहून बराच वेळ घेतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. कोटेशनमध्ये ते आले आहे याचे कारण प्रोसेसरच्या नावातले शेवटचे 'एफ' हे अक्षर. इंटेलच्या एफ प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच नसतो, त्यामुळे कार्ड लावल्याशिवाय मॉनिटर उजळत नाही, आणि मग स्वस्तात स्वस्त कार्ड गळ्यात येते. जीटी ७१० ज्या जुन्या केप्लर रचनेवर बेतले आहे, तिच्यासाठी नव्या सुधारणांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्रॅम) काढणे एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. त्याऐवजी एएमडीचा रायझन ५ ५६००जी घ्या. तो २०२१ चा आहे, म्हणजे नवा नाही, पण ६ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे गाभे), १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे) आणि आतच असलेले वेगा ग्राफिक्स यांमुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे ऑटोकॅड, प्रोग्रॅमिंग, हिशेब आणि हलके व्हिडिओ संपादन तो सहज पेलतो. त्याचे ग्राफिक्स जीटी ७१० च्या कितीतरी पुढे आहे. ६५ वॅटचा असल्याने डब्यात मिळणारा पंखाच त्याला पुरतो. मात्र नावात 'जी' आहे याची खात्री करा. नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. आणि तो सीलबंद डब्यातलाच घ्या. 'ट्रे' म्हणून सुटा मिळणारा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याला डब्यातल्यासारखी तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी नसते. नुसते हिशेब आणि इंटरनेट एवढेच काम असते तर मी आय-थ्री १२१०० सुचवला असता, एफ नसलेला.

रॅमबाबत मी थोडा हट्टी आहे. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलाच वाटा उचलते, म्हणून रॅमचा वेग हाच त्याचा वेग ठरतो. डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग) ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवू शकते आणि दोन पट्ट्या मिळून ५१.२ जीबी. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्या, आणि बोर्डावर चार खाचा असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवा. २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे रॅमचे भाव भडकले आहेत आणि दुकानदार ८ जीबीची एक पट्टी घालून कोटेशन खाली आणतात ते याच कारणाने. पैसे अपुरे पडले तर रॅम हा एकच भाग असा आहे की तो वापरलेला घ्यायला मी कचरत नाही. मेमटेस्ट हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून सकाळी एकही चूक दिसली नाही, तर ती पट्टी निर्धास्त वापरा. एसएमपीएस आणि डिस्क मात्र जुनी कधीच घेऊ नका. एएम५ (एएमडीची नवी प्रोसेसर-खाच) आणि डीडीआर५ (पुढच्या पिढीची रॅम) यांची नवी जोडणी भविष्याच्या दृष्टीने बरी, पण या भावांत ती तुमच्या ४५ हजारांत बसवायची म्हणजे पुन्हा एसएमपीएसमध्येच काटछाट करावी लागेल.

मदरबोर्ड ए५२० चिपसेटचा पुरे. फक्त एनव्हीएमईची (वेगवान प्रकारच्या एसएसडीची) एम.२ खाच आहे हे पाहून घ्या. एसएसडी ५०० जीबीचा एनव्हीएमई असावा, २५६ जीबी वर्षभरात भरेल. जुन्या पद्धतीच्या जोडणीचा साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो. किमतीत फारसा फरक नसेल तर एनव्हीएमई सोडू नये.

कॅबिनेटला काच नको, पुढे जाळी हवी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते, तीच ओल संगणकातही शिरते. गेल्या चवथीच्या सुट्टीत शेजारच्या घरातला संगणक सुरू होईना म्हणून उघडला, तर रॅमच्या सोनेरी दातांवर बारीक काळपट ठिपके आले होते आणि मागच्या पंख्याच्या जाळीत पालीची दोन अंडी चिकटलेली होती. पट्टी काढून दातांवरून शाळेतले खोडरबर हळूच फिरवले, कोरड्या मऊ ब्रशने खाच झाडली, आणि संगणक सुरू झाला. त्या घरात तो दोन महिने बंद होता. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा, त्याची स्वतःची ऊब त्याला कोरडे ठेवते. जमिनीवर न ठेवता हातभर उंच स्टुलावर आणि खिडकीपासून दूर ठेवा. मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा लागतो. आणि इंटरनेटच्या डब्यातून येणारी लॅनची तारही काढावी. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरे, पण त्या डब्याचा अडॅप्टर भिंतीलाच जोडलेला असतो आणि लॅनची तार तांब्याची असते.

दुकानदार 'विंडोज फुकट घालून देतो' म्हणेल. ते परवान्याचे नसते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा परवान्यासह विंडोज ११ घ्या, नाहीतर लिनक्स मिंट बसवा. मात्र ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही आणि तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅमही चालतो का हे आधी पाहा. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि बोर्ड बिघडला तर तो कुठे पाठवणार, किती दिवसांत परत येणार, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. पणजी, म्हापसा, मडगाव अशा दोन ठिकाणी तरी भाव काढा. सगळे भाग ऑनलाइन मागवण्यापेक्षा निदान बोर्ड आणि एसएमपीएस जवळच्या दुकानातून घ्यावेत, असे मला वाटते.

जोडणी दुकानात करून घेतली तरी घरी आणल्यावर दोन गोष्टी स्वतः करा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग पाहा. तिथे ३२०० ऐवजी २४०० किंवा २६६६ दिसला तर बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला सांगा. आणि मुलीला एखादा व्हिडिओ लावायला सांगून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांची ओबडधोबड वीज देतात आणि चांगल्या एसएमपीएसशी त्यांचे कधीकधी जमत नाही. व्हिडिओ न थांबता चालू राहिला तर ठीक. संगणक बंद पडला, तर यूपीएस त्याच आठवड्यात, बिल ताजे असतानाच, बदलून घ्या.