गाणं आणि पेटी दोन्ही शून्यापासून शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहता, वय चाळीस, आजोबांची पेटी माळ्यावरून खाली काढलीय आणि दहा वर्षांच्या मुलीबरोबर स्वतःही शिकायचंय. तर आधी गाणं की आधी पेटी, असं विचारलंय. माझं उत्तर: आधी सा. तोही दोघांचा वेगवेगळा.

सा म्हणजे पेटीवरची एखादी ठरलेली पट्टी नव्हे. एक गंमत करून बघा. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीनला सा मानून वर गेलात की भूप रागाचे सूर निघतात. त्याच पाच पट्ट्या काळी एकपासून वाजवल्या की दुर्गाचे, काळी पाचपासून मालकंसाचे. (मोजायचं असं: दोन काळ्यांच्या जोडीतली डावीकडची काळी एक, मग दोन, पुढच्या तिघी तीन, चार, पाच. काळी एकच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी एक.)

पुरुषांचा सा बहुतेकदा पांढरी एक ते काळी दोनच्या दरम्यान बसतो, बायकांचा आणि मुलांचा काळी चार-पाचच्या आसपास. तुम्ही काळी एकपासून सुरू करा. आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, सा, नी, ध, प असं खाली उतरा. मंद्र पंचम, म्हणजे हा खालचा प, स्पष्ट वाजला पाहिजे. नुसती हवा आली तर सा एक पट्टी वर न्या. मग वर चढा. तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या गपर्यंत, गळा न आवळता जाता आलं पाहिजे. तिथे आवाज फाटला तर सा एक पट्टी खाली. ही परीक्षा सकाळी उठल्याउठल्या नको. तेव्हा आवाज बसलेला असतो, आणि त्या वेळी ठरवलेला सा संध्याकाळी फार खालचा वाटतो. आठ-दहा दिवस पडताळून मग तो कायम करा. मुलीला तुमच्या पट्टीत गायला लावू नका. ती एकतर घोगरं गाईल नाहीतर किंचाळेल.

तंबोरा मोबाइलवरचा चालेल, प–सा लावा, पण छोटा का होईना वेगळा स्पीकर जोडा. फोनच्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या साची तार, जवळजवळ येतच नाही, आणि टेकायचं असतं ते त्याच तारेवर. आणखी एक घोळ होतो: जुन्या पेटीची काळी एक आणि मोबाइलची काळी एक जुळतेच असं नाही. दोन्ही एकदम वाजवा. सूर वां-वां असा लाटेसारखा हलला तर अॅपमधल्या बारीक ट्यूनिंगने तंबोरा पेटीकडे सरकवत न्या, लाट थांबेपर्यंत.

पहिले पंधरा दिवस फक्त सा, प आणि तार सा. तोंड उघडून आकार, एका श्वासात दहा-बारा सेकंद. शेजारी ऐकतील म्हणून गुणगुणत रियाज करणारे फार. त्यात सूर लागतो की नाही हे स्वतःलाच कळत नाही. ग्वाल्हेरची गायकी तर खुल्या आवाजासाठी ओळखली जाते, तेव्हा तुम्हाला लाजायचं कारणच नाही. हनुवटी वर जाऊ देऊ नका. गळा दुखला तर त्या दिवशी थांबा.

बाकीचे सूर घेताना पेटी नंतर, गळा आधी. सा ऐकून रे स्वतः लावा आणि मगच रेची पट्टी दाबून तपासा. आधी दाबून तिच्या मागोमाग गायलात तर कानाला कामच उरत नाही. एक सूट मात्र द्या: चांगल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्यापेक्षा पेटीचा गंधार किंचित चढा असतो, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणून. त्या गंधारावर आवाज आणि पेटी चिकटत नसतील तर दोष तुमचाच असेल असं नाही. पंचमाला ही अडचण जवळपास येत नाही.

काळी एकच्या शुद्ध सप्तकात बोटं अशी: सा काळी एक, तर्जनी, रे काळी दोन, मधलं बोट, ग पांढरी चार, अंगठा खालून सरकवून, म काळी तीन, तर्जनी, प काळी चार, मधलं, ध काळी पाच, अनामिका, नी पुढची पांढरी एक, पुन्हा अंगठा, तार सा तर्जनी. अडतं ते ग आणि नीवर, कारण अंगठा उशिरा निघतो. रे दाबलेला असतानाच तो गच्या वर पोचलेला हवा. डावा हात भात्यावर, संथ आणि सारखा. ठेक्याबरोबर भाता मारलात की प्रत्येक मात्रेला सूर धक्का खातो.

अलंकार, म्हणजे सुरांचे ठरावीक तुकडे, पहिल्या दिवसापासून तालात, पण ताल निवडून. सारेग, रेगम… धनीसां हे सहा तुकडे म्हणजे १८ मात्रा, सहा मात्रांच्या दादऱ्याची बरोबर तीन आवर्तनं (फेऱ्या); उतरतानाही तीन. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आपोआप येता. याउलट सारेगम, रेगमप… पधनीसां हे पाच तुकडे, २० मात्रा. जाऊन येऊन ४०, म्हणजे सोळा मात्रांच्या त्रितालाची अडीच आवर्तनं. सम हुकते आणि आपण चुकलो असं वाटतं, खरं तर हिशोबच तसा आहे. आरोह-अवरोह लागोपाठ दोनदा गा: ८० मात्रा, पाच आवर्तनं, समेवर. मिनिटाला ६० मात्रांची लय, मात्रेला एक सूर; महिनाभराने दोन.

तुम्हाला रोज चाळीस मिनिटं पुरेत, मुलीला वीस. रविवारी तीन तास करून आठवडाभर सुट्टी, याने काही होत नाही. पहिला राग भूप, मग यमन.

तीन-चार महिन्यांनी मात्र कोणासमोर तरी बसा, कारण कणसूर, म्हणजे किंचित हललेला सूर, स्वतःचा स्वतःला ऐकू येत नाही. तुमच्या शहरात १९१४ चं शंकर गांधर्व आणि १९१८ चं माधव संगीत महाविद्यालय, दोन्ही आहेत. या बाबतीत तुम्ही आमच्यापेक्षा नशीबवान. डिसेंबरात तानसेन समारोहाला मुलीला घेऊन लवकर जा आणि तंबोरे जुळताना ऐकवा.

पेटीचं राहिलं. सगळे स्टॉपर (समोरच्या ओढायच्या खुंट्या) बंद करून भाता भरा. तो पटकन बसला तर हवा गळतेय, आतलं चामडं वाळलं असणार. एखादी पट्टी न दाबता वाजत असेल तर खाली कचरा आहे किंवा स्प्रिंग गेलीय. कचरा ब्रशने काढा, पण रीडला (आतल्या सूर देणाऱ्या पितळी जिभेला) हत्यार लावू नका. टोकाकडे खरवडलं तर सूर चढतो, बुडाकडे खरवडलं तर उतरतो. दुरुस्तीला द्याल तेव्हा पेटी ४४० ला, म्हणजे प्रमाण सुराला, मिळवून घ्यायला सांगा, म्हणजे मोबाइलच्या तंबोऱ्याशी रोजची कटकट नाही.